मायक्रोस्कोपचं कॅलिब्रेशन लॅबमध्येच करावं की बाहेरून करून घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्याने रुजू झालेले टेक्निशियन, ऑडिटच्या तयारीला लागलेले लॅबप्रमुख आणि मोजमापावर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी यांच्याकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही एक उत्तर सुटं वाचलं तरी काम भागावं असा प्रयत्न आहे. दोन विषय एकमेकांत गुंततात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. लांबीच्या एककाला सगळीकडे 'मायक्रॉन' म्हटलं आहे, कारण 'मायक्रोमीटर' हा शब्द काचेवरच्या पट्टीसाठीही वापरतात आणि त्यातून घोळ होतो. १ मिमी म्हणजे १००० मायक्रॉन.

१. कॅलिब्रेशन आणि सर्व्हिसिंग एकच ना? दरवर्षी माणूस येऊन सगळं साफ करून स्टिकर लावून जातो.

नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या एक समजल्यामुळे बरंच नुकसान होतं. सर्व्हिसिंगमध्ये लेन्स पुसल्या जातात, वंगण बदललं जातं, ढिले स्क्रू आवळले जातात. कॅलिब्रेशन म्हणजे ज्ञात लांबीच्या वस्तूशी तुलना करून, आपल्या मायक्रोस्कोपवरचा एक भाग किती मायक्रॉनचा आहे आणि त्या आकड्यात किती अनिश्चितता आहे हे ठरवणं. कॅलिब्रेशन झालं की हातात आकडा असायला हवा. स्टिकरवर फक्त तारीख आणि सही असेल, सोबत आकड्यांचा कागद नसेल, तर झाली ती देखभाल. ती गरजेचीच आहे, पण तिला कॅलिब्रेशन म्हणू नये.

२. ऑब्जेक्टिव्हवर ४०× छापलेलंच असतं. मग वेगळं मोजायचं कशासाठी?

ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगावर, छापलेला आकडा नाममात्र असतो. प्रत्यक्ष मोठेपणा (प्रतिमा किती पट मोठी दिसते) ट्यूबची लांबी किंवा ट्यूब लेन्स, मधे बसवलेली जास्तीची भिंगं आणि आयपीसमधली (डोळ्याजवळच्या भिंगातली) पट्टी या सगळ्यांवर ठरतो. काही टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि तो नेमका किती आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही.

काही टक्क्यांनी काय बिघडतं? शौच तपासणीतलं उदाहरण घ्या. एन्टामीबा हिस्टोलिटिका आणि एन्टामीबा हार्टमनाय या आतड्यातल्या परजीवींच्या सिस्ट (कवचातली अवस्था) दिसायला सारख्या असतात. १० मायक्रॉनपेक्षा मोठी असेल तर पहिली असू शकते, लहान असेल तर दुसरी, आणि दुसरी निरुपद्रवी. साडेनऊ मायक्रॉनची सिस्ट आठ टक्के चुकीच्या पट्टीवर दहाच्या वर जाते. रिपोर्टवर नाव बदलतं, आणि रुग्णाला नको असलेलं औषध सुरू होऊ शकतं.

३. आम्ही काहीच मोजत नाही, फक्त स्लाइड बघून मत देतो. आम्हाला कॅलिब्रेशन लागतं का?

तुम्ही 'दर फील्डमध्ये इतक्या पेशी' असं कुठे लिहिता का? लिहीत असाल तर तुम्ही क्षेत्रफळ मोजताच आहात, फक्त ते मोजतोय हे लक्षात येत नाही.

आयपीसवर फील्ड नंबर छापलेला असतो: १८, २०, २२ वगैरे. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या मोठेपणाने भागलं की फील्डचा, म्हणजे दिसणाऱ्या वर्तुळाचा, व्यास मिमीमध्ये मिळतो. ४० च्या ऑब्जेक्टिव्हवर १८ नंबरच्या आयपीसचा व्यास ०.४५ मिमी, क्षेत्रफळ ०.१५९ चौरस मिमी. २२ नंबरचा व्यास ०.५५ मिमी, क्षेत्रफळ ०.२३८ चौरस मिमी. म्हणजे जवळजवळ दीडपट. एकाच गाठीची एकच स्लाइड, दोन मायक्रोस्कोपवर दहा-दहा 'हाय पॉवर फील्ड' मोजली, तर एका ठिकाणी १.५९ चौरस मिमी तपासलं जातं आणि दुसऱ्या ठिकाणी २.३८. विभाजन होणाऱ्या पेशींच्या संख्येवरून गाठीची श्रेणी ठरत असेल, तर हा फरक श्रेणी बदलू शकतो. म्हणूनच अलीकडच्या वर्गीकरणांत प्रति फील्डऐवजी प्रति चौरस मिमी संख्या द्यायला सांगतात.

हे काम स्टेज मायक्रोमीटरने (स्टेजवर ठेवायची काचेची पट्टी, प्रश्न ४) लॅबमध्येच पाच मिनिटांत होतं. फील्डच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत किती भाग दिसतात ते मोजा, क्षेत्रफळ काढा आणि त्याची चिठ्ठी मायक्रोस्कोपच्या बुंध्याला चिकटवा.

खरोखर फक्त 'आहे की नाही' एवढंच बघत असाल, तर आकड्यांचं कॅलिब्रेशन लागत नाही. प्रतिमेची गुणवत्ता आणि प्रकाशाची मांडणी मात्र तपासत राहा.

४. थोडक्यात सांगा: लॅबमध्ये करावं की बाहेरून?

माझं मत स्पष्ट आहे. बाहेर पाठवायची ती पट्टी. मायक्रोस्कोप आपण स्वतः त्या पट्टीवर लावायचा.

स्टेज मायक्रोमीटर ही काचेवर कोरलेली पट्टी. तिची खरी लांबी मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन प्रयोगशाळेकडून तपासून, सर्टिफिकेटसह घ्यावी, कारण लांबीच्या राष्ट्रीय मानकापर्यंत पोचणारी साखळी कुठलीही सामान्य लॅब स्वतः उभी करू शकत नाही. ती पट्टी हातात आल्यावर मात्र तुमचा आयपीस, तुमचे ऑब्जेक्टिव्ह, तुमचा कॅमेरा, तुमची टेबलावरची मांडणी यांचं कॅलिब्रेशन तुमच्याइतकं नीट कोणी करू शकत नाही. बाहेरचा माणूस वर्षातून एकदा येतो. आयपीस मात्र वर्षभरात कितीदा तरी निघतो आणि बसतो.

तज्ज्ञाची गरज कुठे खरी आहे ते प्रश्न ९ मध्ये आहे.

५. लॅबमध्ये करायला काय काय लागतं?

सर्टिफिकेट असलेला स्टेज मायक्रोमीटर, आयपीसमध्ये बसणारी पट्टी, लेन्स पेपर, आणि आकडे लिहायला रजिस्टर. स्टेज मायक्रोमीटरवर सहसा १ मिमीचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉनचा. आयपीसमधल्या पट्टीवरही बहुधा १०० भाग असतात, पण त्यांना स्वतःची किंमत नसते. ती आपण ठरवायची.

पट्टी घेताना एक काळजी घ्या. पारगामी प्रकाशाच्या मायक्रोस्कोपसाठी ०.१७ मिमी जाडीच्या कव्हरस्लिपखाली कोरलेली पट्टी घ्यावी. धातूंचे नमुने बघायच्या मायक्रोस्कोपला कव्हरस्लिप नसलेली पट्टी लागते, आणि तिच्यावर तेल टाकू नये.

६. प्रत्यक्ष कॅलिब्रेशन कसं करायचं? पायरी पायरीने सांगा.

आधी प्रकाश नीट लावा. ऑगस्ट कोलर यांनी १८९३ मध्ये सांगितलेली पद्धत आजही तीच आहे: फील्ड डायफ्रॅम (दिव्याजवळची उघडझाप होणारी झडप) बंद करून त्याची कड स्पष्ट येईपर्यंत कंडेन्सर (स्टेजखालचं प्रकाश एकवटणारं भिंग) वरखाली करा, तो मध्यावर आणा, मग उघडा. कंडेन्सरचा डायफ्रॅम ऑब्जेक्टिव्हच्या छिद्राच्या सुमारे तीन चतुर्थांश उघडा ठेवा. हा डायफ्रॅम फार बंद केला तर रेषांच्या कडा जाड होतात आणि त्या जाडीने मोजमाप बदलतं.

मग पट्टी असलेला आयपीस घ्या. स्टेजवर काहीही नसताना, आयपीसचं वरचं कडं फिरवून आधी आयपीसमधली पट्टी डोळ्याला स्पष्ट करा. त्यानंतरच स्टेज मायक्रोमीटर ठेवून फोकस करा. हा क्रम उलटा झाला तर दोन पट्ट्या वेगवेगळ्या पातळीवर राहतात आणि डोकं जरा हललं की एक दुसरीवरून सरकते.

आता आयपीस गोल फिरवून दोन्ही पट्ट्या समांतर करा. पाच अंशांचा तिरकेपणा राहिला तर ०.४ टक्के चूक, दहा अंश राहिला तर दीड टक्का. शून्याच्या रेषा एकमेकींवर आणा. मग उजवीकडे जात जात अशी जागा शोधा, जिथे दोन्ही पट्ट्यांची एक एक रेषा पुन्हा तंतोतंत जुळते. जितकी दूर सापडेल तितकं चांगलं.

समजा ४० च्या ऑब्जेक्टिव्हवर आयपीसचे ८३ भाग स्टेजच्या २१ भागांशी जुळले. २१ भाग म्हणजे २१० मायक्रॉन. २१० भागिले ८३, म्हणजे आयपीसचा एक भाग २.५३ मायक्रॉन. हे जुळणं ओळखताना अर्ध्या भागाची चूक झाली असं धरलं तरी ८३ भागांत ती ०.६ टक्केच आहे. तेच तुम्ही पहिल्या दहा भागांत जुळवलं असतं, तर अर्धा भाग म्हणजे पाच टक्के झाले असते. लांब अंतर का घ्यायचं, ते यात आलं.

१०० च्या ऑब्जेक्टिव्हवर वेगळाच अनुभव येतो. आयपीसचा एक भाग साधारण १ मायक्रॉनचा होतो, आणि स्टेज मायक्रोमीटरची रेषाच दोनेक मायक्रॉन जाड असली तर ती पट्टीवर दोन भाग व्यापून बसते. रेषा कुठे आहे असं म्हणायचं, हाच प्रश्न पडतो. उत्तर सोपं आहे: दोन्ही टोकांना रेषेची डावी कड धरा, किंवा दोन्हीकडे उजवी. एकीकडे डावी आणि दुसरीकडे उजवी धरली की पूर्ण रेषेची जाडी मोजमापात शिरते. तेल लावलं असेल तर काम झाल्या झाल्या लेन्स पेपरने टिपून घ्या; वाळलेलं तेल घासून काढताना पट्टीवर ओरखडे पडतात.

हे प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी स्वतंत्र करायचं. १० वरून आलेल्या आकड्याला चाराने भागून ४० चा आकडा लिहिण्याची सवय मोडा.

७. किती वेळा मोजायचं आणि किती फरक चालतो?

प्रत्येक ऑब्जेक्टिव्हवर निदान पाच वाचनं घ्या. दर वेळी पट्टी हलवून, फोकस बिघडवून पुन्हा लावा. नाहीतर पाच वाचनं म्हणजे एकाच वाचनाच्या पाच नकला होतात. शक्य असेल तर दोन माणसांनी घ्यावीत. सरासरी हा तुमचा आकडा, वाचनांतला फैलाव आणि पट्टीच्या सर्टिफिकेटावरची अनिश्चितता मिळून तुमची अनिश्चितता.

'किती फरक चालतो' हे तुमच्या कामावर ठरतं. १० मायक्रॉनच्या सीमेवर निर्णय घेणाऱ्या लॅबला दोन टक्क्यांपेक्षा जास्त चालणार नाही. परागकण ढोबळ गटांत लावणाऱ्याला पाचही चालतील. मर्यादा आधी लिहून ठेवा, मग मोजा. आकडा बघून मर्यादा ठरवली तर तिला अर्थ राहत नाही.

८. आमच्याकडे आयपीसची पट्टी नाही, कॅमेरा आणि सॉफ्टवेअर आहे. त्याचं काय?

तत्त्व तेच. स्टेज मायक्रोमीटरचा फोटो घ्यायचा, शक्य तितकं लांब अंतर निवडायचं आणि एक पिक्सेल किती मायक्रॉनचा ते काढायचं. अंदाज गणितानेही करता येतो: ३.४५ मायक्रॉनचा सेन्सर पिक्सेल, ४० चा ऑब्जेक्टिव्ह आणि मधे ०.५ चा अ‍ॅडॅप्टर असेल तर ३.४५ भागिले २०, म्हणजे ०.१७२५ मायक्रॉन प्रति पिक्सेल. मोजलेला आकडा याच्या आसपास यायला हवा. दुप्पट किंवा निम्मा आला तर बहुधा सॉफ्टवेअरमध्ये बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र करणं) चालू आहे. आडवं आणि उभं, दोन्ही दिशांना मोजा.

कॅमेऱ्याच्या चुका बहुतेक हाताने होतात. नोजपीस (ऑब्जेक्टिव्ह बसवलेली फिरती चकती) १० वरून ४० वर फिरवलं, पण सॉफ्टवेअरच्या यादीत १० च राहिलं, तर सगळं चौपट मोठं मोजलं जातं. साध्या नोजपीसवर कुठला ऑब्जेक्टिव्ह लावला आहे हे सॉफ्टवेअरला कळत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे लहान केलेल्या चित्रावर किंवा स्क्रीनशॉटवर जुना आकडा लावणं. पट्टीचा फोटो मूळ आकारात, त्याच दिवशीच्या फोल्डरमध्ये जपून ठेवा. तो सगळ्यात भक्कम पुरावा असतो.

९. मग बाहेरच्या तज्ज्ञांना नेमकं कशासाठी बोलवायचं?

जिथे उपकरण उघडावं लागतं तिथे. दोन डोळ्यांना दोन प्रतिमा दिसतात, अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं, तर बायनॉक्युलर हेडमधला प्रिझम सरकला असण्याची शक्यता असते. फोकस आपोआप खाली उतरत जातो आणि बाहेरून ताण आवळूनही थांबत नाही. ऑब्जेक्टिव्हच्या आत बुरशीचे धागे दिसतात किंवा तेल आत शिरलेलं असतं. स्टेज प्रकाशाच्या अक्षाला काटकोनात नाही, म्हणून फील्डची एक बाजू कायम धूसर राहते. वंगण वाळून नॉब कडक झाला आहे. यातलं काहीही लॅबमध्ये स्क्रूड्रायव्हर घेऊन करू नका. प्रिझम एकदा सरकला की तो जागेवर आणायला जोडणीचं साधन आणि सरावलेला हात लागतो.

लेसर, फ्लुओरेसन्स, मोटरवर चालणारे स्टेज यांचं काम बऱ्याच अंशी तज्ज्ञांचंच आहे (प्रश्न १७).

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तज्ज्ञ येऊन गेला की तुमचं कॅलिब्रेशन पुन्हा करायचं. आमच्याकडे एकदा वार्षिक देखभालीनंतर दोन मायक्रोस्कोपचे पट्टी असलेले आयपीस एकमेकांत बदलले गेले. दोन्ही आयपीस १० चेच, बाहेरून सारखे. पण एकात १० मिमीचे १०० भाग होते, दुसऱ्यात ५ मिमीचे १०० भाग. दोन्हींवर नवे कोरे स्टिकर. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची तपासणीची रक्ताची स्लाइड लावली आणि लाल पेशी १४-१५ मायक्रॉनच्या मोजल्या गेल्या. वाळलेल्या स्मिअरमध्ये त्या सात-साडेसातच्या असतात. ती स्लाइड लावायची सवय नसती, तर त्या दिवसाचे सगळे रिपोर्ट चुकीचे गेले असते.

१०. सर्टिफिकेट नसलेला स्टेज मायक्रोमीटर वापरला तर काय होईल? न्यूबाऊर चेंबर चालेल का?

सर्टिफिकेट नसलेली पट्टी बरोबरही असू शकते. अडचण एवढीच की ती बरोबर आहे हे तुम्ही दाखवू शकत नाही. शिकवण्यासाठी, सरावासाठी वापरा. रुग्णाच्या रिपोर्टसाठी किंवा प्रकाशित करायच्या मोजमापासाठी नको.

न्यूबाऊर चेंबरचा (पेशी मोजायच्या चौकोन कोरलेल्या काचेचा) सगळ्यात लहान चौकोन ०.०५ मिमी बाजूचा, म्हणजे ५० मायक्रॉनचा असतो. सर्टिफाइड पट्टी तपासणीला बाहेर गेली असताना मोठी चूक पकडायला तो छान उपयोगी पडतो. २.५३ चा आकडा धरून त्या चौकोनाची बाजू साधारण वीस भाग यायला हवी. दहा किंवा तीस आले तर थांबा. मात्र चेंबरवरून नवा आकडा ठरवू नका. जाड काचेमुळे ४० च्या वरच्या ऑब्जेक्टिव्हखाली तो नीट बघताही येत नाही.

११. सर्टिफिकेट आलं की त्यात काय काय बघायचं?

पट्टीचा क्रमांक कागदावर आणि काचेवर एकच आहे का, हे आधी. मग मोजलेली लांबी, तिची अनिश्चितता आणि त्या अनिश्चिततेचा व्याप्ती गुणक. बहुधा के = २ असतो, म्हणजे सुमारे ९५ टक्के खात्री. कोणत्या तापमानाला मोजलं ते, वापरलेल्या मानकाचा उल्लेख आणि प्रयोगशाळेची आयएसओ/आयईसी १७०२५ ची (चाचणी आणि कॅलिब्रेशन प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय मानकाची) मान्यता. मान्यतेबाबत एक बारकावा बऱ्याच जणांकडून निसटतो: प्रयोगशाळा मान्यताप्राप्त असली तरी तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत रेषांकित काचपट्टीचं मोजमाप आहे का, ते तपासा. तराजू आणि थर्मामीटरसाठी मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा शिक्का तुमच्या पट्टीला उपयोगाचा नाही.

मायक्रोस्कोपच बाहेरून कॅलिब्रेट करून घेतला असेल, तर दुरुस्तीपूर्वीचे आणि दुरुस्तीनंतरचे असे दोन्ही आकडे मागा. पूर्वीचे आकडे नसतील, तर मागच्या वर्षभराची तुमची मोजमापं बरोबर होती की नाही हे कधीच कळणार नाही.

तापमानाची मात्र फार चिंता नको. काच दर अंशाला दहा लाखांत सुमारे नऊ भाग प्रसरण पावते. १ मिमीच्या पट्टीत दहा अंशांनी ०.०९ मायक्रॉनचा फरक पडतो.

१२. ऑडिटर म्हणतात बाहेरचंच सर्टिफिकेट हवं. लॅबमध्ये केलेलं कॅलिब्रेशन चालतच नाही का?

चालतं. वैद्यकीय प्रयोगशाळांचं आयएसओ १५१८९ काय किंवा आयएसओ/आयईसी १७०२५ काय, दोन्ही मानकं मोजमापाची ट्रेसेबिलिटी, म्हणजे मानकापर्यंतची अखंड साखळी मागतात. कॅलिब्रेशन बाहेरच्याच माणसाने करावं अशी सरसकट अट त्यांत नाही.

अशा वेळी वाद न घालता कागद पुढे ठेवावेत: पट्टीचं वैध सर्टिफिकेट, लिहिलेली कार्यपद्धती, करणाऱ्या माणसाच्या प्रशिक्षणाची नोंद, मूळ वाचनं आणि अनिश्चिततेचा हिशेब. मूळ वाचनं म्हणजे '८३ भाग = २१ भाग' असं लिहिलेलं पान; नुसतं 'ठीक आहे' नव्हे. माझ्या पाहण्यात लॅबमधलं कॅलिब्रेशन नाकारलं गेलं ते बहुतेक वेळा याच पानाच्या अभावी. ग्राहकाने किंवा एखाद्या नियामकाने करारातच बाहेरचं कॅलिब्रेशन मागितलं असेल, तर ते पाळावं लागतं. तेव्हा दोन्ही करा.

१३. किती दिवसांनी करायचं?

सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. मी वर्षातून एकदा पूर्ण, दर महिन्याला एका ठरलेल्या स्लाइडवर तपासणी, आणि काहीही बदललं की लगेच, असं करतो. बदल म्हणजे आयपीस, ऑब्जेक्टिव्ह, कॅमेरा, अ‍ॅडॅप्टर, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती किंवा दुरुस्ती. बल्ब बदलला तर प्रकाशाची मांडणी पुन्हा करा. पट्टीचा आकडा बदलत नाही. वाचनं वर्षानुवर्षं जागची हलत नसतील तर तपासणीचा काळ वाढवायला हरकत नाही, तेही लेखी कारण देऊन.

१४. मायक्रोस्कोप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेला. पुन्हा करावं लागेल का?

नुसता उचलून ठेवला असेल तर महिन्याची तपासणी त्याच दिवशी करा. जुना आकडा जुळला तर पुरे. आयपीस काढून, डबाबंद करून प्रवास झाला असेल तर पूर्ण कॅलिब्रेशन करा. मायक्रोस्कोप कॅलिब्रेशनसाठी बाहेर पाठवण्याला माझा विरोध आहे तो यामुळेच: तिथे मिळालेला आकडा परतीच्या प्रवासानंतर खरा राहिला की नाही, हे पुन्हा मोजूनच कळतं.

१५. तिघांची वाचनं तीन तऱ्हेची येतात. मायक्रोस्कोप बिघडलाय का?

आधी आयपीसचं कडं बघा. प्रत्येकाने आपल्या डोळ्याप्रमाणे पट्टी स्पष्ट केली होती का (प्रश्न ६)? मग जुळणीची रेषा कोणी कुठली कड धरून वाचली ते विचारा. बहुतेक वेळा इथेच उलगडा होतो.

एक अपवाद जुन्या मायक्रोस्कोपचा आहे. काही जुन्या बायनॉक्युलर हेडमध्ये दोन डोळ्यांतलं अंतर जुळवताना नळ्या आडव्या सरकतात आणि ट्यूबची लांबी बदलते. म्हणजे माणूस बदलला की मोठेपणाही बदलतो. अशा हेडवर डोळ्यांतल्या अंतराची खूण असते. कॅलिब्रेशन कुठल्या खुणेवर केलं ते लिहा आणि मोजताना प्रत्येकाने त्याच खुणेवर यावं. बिजागरीसारखं फिरून जुळणाऱ्या नव्या हेडमध्ये ही अडचण नसते.

१६. झूम असलेल्या स्टिरिओ मायक्रोस्कोपचं कॅलिब्रेशन कसं धरायचं?

झूमच्या नॉबला जिथे 'टक्' होऊन थांबायची जागा आहे, फक्त तिथेच. मधल्या जागेवर मोजमाप करू नका. नॉब पुन्हा नेमका तिथेच येत नाही. प्रत्येक थांब्याचा आकडा वेगळा, आणि तोही नेहमी कमी झूमकडून जास्तीकडे फिरवत येऊन घ्यावा.

१७. फ्लुओरेसन्स आणि कॉन्फोकलचं आम्ही स्वतः काय करू शकतो?

फ्लुओरेसन्समध्ये नमुना स्वतः चमकतो, कॉन्फोकलमध्ये लेसरने त्याचा एक एक पातळ थर बघतात. लांबीचं मोजमाप इथेही तुमच्याच हातात आहे. शिवाय सपाट फ्लुओरेसंट स्लाइडचा फोटो घेऊन प्रकाश सगळीकडे सारखा पडतो का ते बघता येतं, आणि ०.१ मायक्रॉनचे फ्लुओरेसंट मणी बघून प्रतिमा तिरकी किंवा शेपटीसारखी ओढलेली येते का ते ओळखता येतं. अनेक रंगांत चमकणारे मणी वापरले तर रंगांच्या प्रतिमा एकमेकींवर बसतात की सरकतात तेही कळतं. या तिन्ही फोटोंचा महिन्याचा संग्रह ठेवलात, तर तज्ज्ञाला बोलवायची वेळ नेमकी कधी आली ते तुम्हालाच आधी दिसेल.

लेसरची जुळणी तज्ज्ञांवर सोडा. तिथे डोळ्याला धोका आहे. १०० वॉटच्या मर्क्युरी दिव्याचं आयुष्य साधारण २०० तास असतं, त्यापुढे तो फुटण्याची शक्यता वाढते. तासांची नोंद ठेवणं हे लॅबचंच काम. कॉन्फोकलच्या प्रकाशीय माहितीसाठी आयएसओ २१०७३ हे मानक २०१९ मध्ये आलं आहे. देखभालीचा करार करताना कुठल्या चाचण्या होणार आणि कुठले आकडे मिळणार, हे त्यातले शब्द वापरून लिहून घ्या.

१८. एका कंपनीचा ऑब्जेक्टिव्ह दुसऱ्या कंपनीच्या मायक्रोस्कोपवर बसतो. मग आकडा तोच राहतो का?

स्क्रूचे आटे जुळले म्हणजे मोठेपणा जुळला असं नाही. अनंत-दुरुस्त ऑब्जेक्टिव्हचा (ज्यातून किरण समांतर बाहेर पडतात आणि पुढची ट्यूब लेन्स प्रतिमा बनवते) मोठेपणा ट्यूब लेन्सच्या नाभीय अंतरावर ठरतो, आणि ते कंपनीगणिक वेगळं आहे: निकॉन आणि लायका २०० मिमी, ऑलिम्पस १८० मिमी, झाइस १६५ मिमी. ऑलिम्पसचा ४० चा ऑब्जेक्टिव्ह २०० मिमीच्या ट्यूब लेन्सवर ४४.४ चा होतो. कॅलिब्रेशन केलं तर लांबी बरोबर मोजता येईल, पण काही कंपन्या रंगदोषाची दुरुस्ती ट्यूब लेन्समध्ये वाटून ठेवतात, त्यामुळे प्रतिमा बिघडू शकते. १६० मिमी ट्यूबचा जुना ऑब्जेक्टिव्ह अशा मायक्रोस्कोपवर लावूच नका.

१९. फाइन फोकसच्या नॉबवर १-२ मायक्रॉनच्या खुणा आहेत. त्यावरून जाडी मोजता येते का?

येते, पण दोन गोष्टी सांभाळून. नॉब एकाच दिशेने फिरवा, नाहीतर दात्यांमधली मोकळी जागा मोजमापात येते. आणि नमुन्याचा अपवर्तनांक धरा: काचेसारख्या १.५ च्या माध्यमात बुडालेला नमुना कोरड्या ऑब्जेक्टिव्हने बघताना स्टेज १० मायक्रॉन हलला, तर प्रत्यक्ष जाडी साधारण १५ मायक्रॉन असते. नॉबच्या खुणांचं मूळ कॅलिब्रेशन बाहेरून करून घेणं बरं. ज्ञात उंचीची पायरी असलेलं मानक त्यासाठी लागतं.

२०. बाहेरच्यांचा आकडा २.५०, आमचा २.५३. कोणाचा खरा?

अनिश्चितता विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. समजा तुमची ०.०३ आणि त्यांची ०.०२ आहे. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर ०.०३६ येतं. फरक ०.०३, म्हणजे त्याहून कमी. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात आणि कोणीही चुकलेलं नाही. फरक ०.०३६ च्या वर गेला असता तर शोध घ्यावा लागला असता: त्यांनी कुठला आयपीस वापरला, मधलं जास्तीचं भिंग आत होतं की बाहेर, हे आधी विचारा.

२१. कॅलिब्रेशन चुकलेलं होतं असं आत्ता लक्षात आलं. मागच्या मोजमापांचं काय?

तुम्ही काय लिहून ठेवलं होतं, त्यावर सगळं अवलंबून आहे. रजिस्टरमध्ये '४ भाग × २.५३ = १०.१ मायक्रॉन' असं असेल, तर २.५३ च्या जागी खरा आकडा घाला. प्रत्येक मोजमाप दुरुस्त होतं. फक्त '१०.१ मायक्रॉन' असेल, तरी त्या काळात कुठला गुणक चालू होता याची नोंद सापडली तर गुणोत्तराने दुरुस्ती करता येते. कॅमेऱ्याचे मूळ फोटो असतील तर पुन्हा मोजा.

मग शेवटचं बरोबर कॅलिब्रेशन कोणत्या तारखेचं आहे ते ठरवा आणि त्या तारखेपासूनचे रिपोर्ट काढा. आकडा बदलल्याने निष्कर्ष बदलतो अशीच प्रकरणं वेगळी करा. सगळ्यात आधी सीमेजवळची. ज्यांचा निष्कर्ष बदलला, त्यांना सुधारित रिपोर्ट पाठवा आणि संबंधित डॉक्टरांना स्वतः फोन करून सांगा. हे कळवणं बाहेरच्या एजन्सीवर ढकलता येत नाही, चूक तिच्याकडून झाली असली तरी. रिपोर्टवर सही लॅबची असते.